शिरोरेषेची कसोटी

आमच्या मंडळाच्या यंदाच्या दिवाळी अंकात मुलांच्या डिजिटल चित्रकलेवर एक लेख आला आहे. लेखक माझ्या परिचयाचे आहेत. तीस वर्षं संगणक क्षेत्रात काढलेला, कुणाच्याही मदतीला धावून जाणारा माणूस. लेख तळमळीने लिहिलेला आहे आणि म्हणूनच तो पुष्कळांनी मनावर घेतला. गेल्या तीन आठवड्यांत न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासच्या चार घरांतून मला फोन आले. "ताई, लेखात सांगितलाय तसाच पेन डिस्प्ले घेऊ ना? थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये बरा मिळतोय." चौघांनाही मी म्हटलं, थांबा. का थांबा, ते फोनवर धड सांगता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाला चित्रकलेत गती असेल तर ज्याच्या पडद्यावर थेट पेन टेकवून काढता येतं असा पेन डिस्प्लेच घ्यावा. बिनपडद्याचा टॅबलेट ही शिकाऊ वस्तू, त्यावर हात आणि डोळा यांचा मेळ कधीच बसत नाही. पडदा जितका मोठा आणि दाबाच्या पातळ्या जितक्या जास्त, तितकं यंत्र सरस. आयपॅड हे खेळणं. आणि शेवटचा परिच्छेद, जो सगळ्यांच्या काळजाला भिडला: आपल्याला जे मिळालं नाही ते मुलांना द्यायलाच आपण इथे आलो, तेव्हा हात आखडू नका, एकदाच घ्या आणि सगळ्यात चांगलं घ्या.

मी बावीस वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आहे, त्यातली सोळा संगणकावर. रविवारी मराठी शाळेत चित्रकलेचा वर्ग घेते. माझ्या घरात बिनपडद्याचा टॅबलेटही आहे, पेन डिस्प्लेही आहे आणि आयपॅडही. तिन्हींवर पोट भरलेलं आहे. त्या अनुभवावरून सांगते, या लेखातला जवळपास प्रत्येक सल्ला चुकीचा आहे, आणि शेवटचा तर मुलांचं नुकसान करणारा आहे.

आधी तो 'शिकाऊ' शब्द घेऊ. पडद्यावर थेट पेन टेकवून चित्र काढणं ही अलीकडची, पुढची पायरी आहे आणि डोळे एकीकडे, हात दुसरीकडे ही मागासलेली रीत, असा लेखकाचा समज दिसतो. घडलं ते बरोबर उलट क्रमाने. १९६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन लॅबोरेटरीत आयव्हन सदरलंड यांनी 'स्केचपॅड' हा प्रोग्राम केला, त्यात प्रकाशाचं पेन थेट पडद्यावर धरून रेषा काढायची होती. म्हणजे पेन डिस्प्लेची कल्पना अगदी पहिली. पण उभ्या काचेसमोर हात अधांतरी धरून काम करायचं तर खांदा भरून येतो. पुढच्याच वर्षी, १९६४ साली, कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनने टेबलावर आडवा ठेवायचा दहा इंची चौरस टॅबलेट तयार केला. हात टेबलावर, नजर समोरच्या पडद्यावर. किंमत १८,००० डॉलर. शिकाऊ माणसासाठी कुणी एवढी महाग वस्तू बनवत नाही.

पुढे १९७३च्या सुमारास झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी 'सुपरपेंट' केलं, तेही टॅबलेट वेगळा आणि पडदा वेगळा. १९८१मध्ये ब्रिटनच्या क्वांटेल कंपनीचं 'पेंटबॉक्स' आलं आणि अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या बातम्यांमागची, हवामानाच्या नकाशांची चित्रं त्यावर तयार होऊ लागली. त्या यंत्रावर बसणारे कलाकार मान ताठ ठेवून, मॉनिटरकडे बघत, खाली हाताकडे न बघता काढत असत. सिंटिक हा वॅकॉम कंपनीचा पेन डिस्प्ले, त्यातला पहिला आला तो २००१ साली. म्हणजे संगणकावरच्या व्यावसायिक चित्रकलेची पहिली चार दशकं बहुतेक सगळी हाताकडे न बघता गेली. आजही चित्रपट आणि खेळांसाठी रंगकाम करणारे कितीतरी लोक, ज्यांना कुठलंही यंत्र परवडेल असे लोक, बिनपडद्याचा टॅबलेट सोडायला तयार नाहीत.

हात आणि डोळा यांचा मेळ 'कधीच' बसत नाही, हे तर आपण रोज खोटं ठरवतो. तबलजी चाटेकडे बघून बोल काढत नाही. माझी आई पोळी लाटताना माझ्याशी बोलत असायची, नजर माझ्याकडे आणि पोळी पोळपाटावर गोल फिरत राहायची. हाताला जागा कळली की डोळ्याची गरज उरत नाही. बिनपडद्याच्या टॅबलेटवर पहिले काही दिवस रेघ भलतीकडे जाते, हे खरं आहे. मला तीन आठवडे लागले होते, आणि पहिल्या आठवड्यात मी टॅबलेट कपाटात टाकला होता हेही खरं. माझ्या वर्गातल्या मुलांना मात्र चार-पाच दिवस पुरतात, कारण ती माऊस धरूनच मोठी झाली आहेत. त्यांच्या हाताने हे अंतर आधीच कापलेलं असतं.

म्हणून पेन डिस्प्ले निरुपयोगी, असं मी म्हणत नाही. कागदावर शाईने काढण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला तोच हवा. मी स्वतः पेन्सिलवर शाई चढवायचं काम पडद्यावरच करते, कारण तिथे दोन रेषा नेमक्या जिथे मिळायला हव्यात तिथेच मिळाव्या लागतात. देवनागरी अक्षरलेखन करणाऱ्यालाही पडदा लागतो, त्याविषयी पुढे बोलते. रंग भरणं, छाया घालणं, मोठाल्या जागा रंगवणं ही कामं मात्र मी आजही बिनपडद्याच्या टॅबलेटवर करते. त्यामागचं कारण कलेतलं नाही. ते माझ्या मानेतलं आहे.

काही वर्षांपूर्वी मीही 'मोठा तितका चांगला' याच समजुतीने बावीस इंची पेन डिस्प्ले घेतला होता. अपार्टमेंट लहान, म्हणून तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, जवळजवळ आडवा. रेषा बारीक दिसावी म्हणून चेहरा आपोआप पुढे जायचा. आठ महिन्यांत उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. पहिल्या भेटीतच फिजिकल थेरपिस्टने हाताऐवजी माझ्या टेबलाचा फोटो मागितला. तो बघून ती म्हणाली, तुम्ही दिवसातले सहा तास जमिनीकडे बघत बसता. त्यानंतर स्टँड आला, खुर्ची बदलली, आणि दिवसाचं निम्मं काम मी पुन्हा समोर बघून करायला लागले. पेन डिस्प्ले घेणाऱ्याने त्याच्या किमतीत स्टँड, खुर्ची आणि टेबलाची उंची मोजलीच पाहिजे. अकरा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या खुर्चीत, पाय लोंबकळत, आडव्या पडद्यावर वाकून बसला तर त्याच्या मानेचं काय होईल, याबद्दल त्या सहा पानी लेखात एकही ओळ नाही. मला त्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

आता आकडे. लेखात एक तक्ता दिला आहे आणि त्यात दाबाच्या पातळ्यांचा रकाना सगळ्यात ठळक आहे. वॅकॉमच्या २००४च्या इंटुओस थ्री टॅबलेटमध्ये १,०२४ पातळ्या होत्या. २००९च्या इंटुओस फोरमध्ये २,०४८ झाल्या. २०१६पासून ८,१९२. आता हुइऑन आणि एक्सपी-पेन या कंपन्या १६,३८४ सांगतात. लेखक म्हणतात, म्हणजे पेन दुपटीने संवेदनशील झालं. तसं होत नाही. पातळ्या म्हणजे सगळ्यात हलका दाब आणि सगळ्यात जड दाब यांच्या मधल्या पायऱ्या. जिना तेवढाच उंच आहे, पायऱ्या फक्त बारीक केल्या. १,०२४ पायऱ्यांवर माणसाच्या हाताला खडबडीतपणा जाणवत नव्हता. १,०२४ पातळ्यांच्या टॅबलेटवर काढलेली माझी चित्रं छापून आलेली आहेत. त्यात कुठे पायरी दिसते, ते कुणी मला दाखवावं.

महत्त्वाचा प्रश्न असा की जिना सुरू कुठून होतो. पेन पडद्याला किती हलकं टेकवलं म्हणजे रेघ उमटते? काही पेनांना नुसता स्पर्श पुरतो, काहींना ढकलावं लागतं. ढकलावं लागणाऱ्या पेनमध्ये लाख पातळ्या असल्या तरी केसासारखी निमुळती होत जाणारी रेषा त्यातून येणार नाही, ती मध्येच तुटेल. दुसरा प्रश्न, पेन सावकाश ओढलं की रेघ सरळ राहते की थरथरते? पडद्याखालच्या तारांची जाळी पेनची जागा हेरते, आणि ती हेरण्यात कमीजास्त झालं तर संथ तिरप्या रेघेत लाटा येतात. तिसरा प्रश्न, काच आणि खालचा पडदा यांच्यात किती अंतर आहे? ते जास्त असेल तर निब एका ठिकाणी आणि रेघ शेजारी. हे अंतर मिटवण्यासाठी काच आणि पडदा चिकटवून टाकतात, त्याला लेमिनेशन म्हणतात. २०१९चा सिंटिक १६ सुमारे ६५० डॉलरला आला आणि त्याची काच चिकटवलेली नव्हती. पुढच्या वर्षी आलेल्या हुइऑनच्या कामवास १३ची किंमत त्याच्या निम्म्याहून कमी होती आणि त्याची काच चिकटवलेली होती. म्हणजे महाग ते चांगलं हा नियमही इथे सरसकट चालत नाही. उलट सिंटिकचं पेन मला जास्त विश्वासाचं वाटतं. तक्त्यातल्या एका रकान्यावरून यातलं काहीच ठरत नाही.

पडद्याच्या आकाराचंही तसंच. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा तेरा इंची असेल तर इंचाला सुमारे १६९ ठिपके येतात. तेवढेच ठिपके साडेएकवीस इंचांवर पसरले तर इंचाला १०२. मॉनिटर आपण हातभर अंतरावरून बघतो, पेन डिस्प्ले वीतभर अंतरावरून. त्या अंतरावर १०२ ठिपके जाळीसारखे दिसतात. मोठा पडदा हवाच असेल तर जास्त ठिपक्यांचा हवा, म्हणजे किंमत दुप्पट-तिप्पट होते आणि तो हाकायला संगणकही तगडा लागतो. स्वस्तातला मोठा पडदा हा सगळ्यात वाईट सौदा आहे, आणि सेलमध्ये नेमका तोच पुढे मांडलेला असतो.

मग परीक्षा कशी घ्यायची? इथे आपल्याकडे एक साधन आहे जे इंग्रजीत लिहिणाऱ्याकडे नाही. मी कुठलाही टॅबलेट बघायला गेले की त्यावर देवनागरीत नाव लिहिते. आधी शिरोरेषा. लांबलचक, आडवी, मुद्दाम सावकाश ओढायची. पेन थरथरत असेल तर ते इथेच कळतं, कारण वेगाने मारलेल्या फटकाऱ्यात थरथर लपते आणि संथ शिरोरेषेत ती लपवता येत नाही. काहींची आडवी रेघ स्वच्छ येते आणि तिरपी लहरते, म्हणून मग पट्टी लावून एक तिरपी रेघ. त्यानंतर दुसरी वेलांटी. ती खालून वर जाताना जाड आणि टोकाशी बारीक होत हवेत विरते. पेन उशिरा जागं होणारं असेल तर टोक कापल्यासारखं तुटतं. शेवटी अनुस्वार. ठिपका जिथे द्यायचा तिथेच पडतो का, आणि हलकेच टेकवल्यावर पडतो का, की दुसऱ्यांदा टोचावं लागतं? पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार अनुस्वार द्या. मध्यभागी बरोबर असणारा पेन डिस्प्ले कडेला चुकतो, असं पुष्कळदा होतं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त सांगतं.

हे दुकानात करता येतं. मॅनहॅटनमध्ये नाइन्थ ॲव्हेन्यूवर बी अँड एच आहे, एडिसनहून ट्रेनने पेन स्टेशनला उतरलं की चालत जाता येतं. शनिवारी ते बंद असतं, एवढं लक्षात ठेवून रविवारी जावं. जाण्याआधी फोन करून काय काय हाताळायला ठेवलं आहे ते विचारावं. काही सार्वजनिक ग्रंथालयांच्या मेकरस्पेसमध्येही ड्रॉइंग टॅबलेट असतात, फुकट वापरता येतात. आपल्याकडचे पालक तिथे गणिताच्या पुस्तकांसाठी जातात आणि त्या खोलीत डोकावत नाहीत. घरी मागवलाच तर परत करण्याची मुदत आधी वाचा, बेस्ट बायची साधारण पंधरा दिवसांची असते. त्या पंधरा दिवसांत मुलाला रोज वापरू द्या, खोका जपून ठेवा.

अक्षरलेखनाचं म्हटलं होतं. बोरूने किंवा कटनिबने लिहिताना अक्षराचं सगळं सौंदर्य निब कुठल्या कोनात धरलं त्यात असतं. कोन कायम ठेवायचा असेल तर सॉफ्टवेअरमधला ब्रश एकदा त्या कोनात बसवला की काम भागतं. पण अक्षराच्या मध्येच निब फिरवायचं असेल, जसं आपले सुलेखनकार करतात, तर पेन स्वतःभोवती फिरल्याचं यंत्राला कळावं लागतं. बहुतेक पेनांना ते कळत नाही. वॅकॉमच्या आर्ट पेनला कळतं आणि २०२४मध्ये आलेल्या ॲपल पेन्सिल प्रोला कळतं. देवनागरी लिहिणाऱ्या मुलीसाठी हा गुण सोळा हजार पातळ्यांहून मोलाचा आहे, आणि लेखातल्या तक्त्यात त्याला रकानाच नाही.

ॲपलचं नाव निघालंच आहे तर खेळण्याविषयी. पेन डिस्प्ले हा स्वतः संगणक नाही, तो नुसता पडदा आणि पेन आहे. त्याच्यामागे संगणक लागतो. आपल्या मुलांकडे काय असतं? शाळेने दिलेलं क्रोमबुक. त्यावर ड्रायव्हर चढवायची मुलाला मुभा नसते आणि बहुतेक पेन डिस्प्ले क्रोमबुकवर नीट चालतही नाहीत. वडिलांचा लॅपटॉप ऑफिसचा, तिथेही तेच. घरात जुना लॅपटॉप असेल तर त्याच्या यूएसबी-सी भोकातून चित्र बाहेर येतंच असं नाही, काही भोकं फक्त चार्जिंगची आणि फाइलींची असतात. मला आलेल्या चार फोनपैकी दोन घरांत पेन डिस्प्ले जोडता येईल असा संगणकच नव्हता. लेख वाचून त्यांनी आधी पडदा पसंत केला होता.

अशा घरात आयपॅड हे सगळ्यात शहाणपणाचं उत्तर असू शकतं. वायर नाही, ड्रायव्हर नाही, बॅकयार्डमध्ये झाडाखाली बसून काढता येतं. प्रोक्रिएट हे त्यावरचं चित्रकलेचं ॲप एकदाच तेरा डॉलरला मिळतं, दरमहा वर्गणी नाही. एक सावधगिरी मात्र घ्यायलाच हवी. २०२३मध्ये आलेली यूएसबी-सीची ॲपल पेन्सिल ७९ डॉलरला मिळते, पण तिला दाब कळतच नाही. हलकं दाबा की जोरात, रेघ तेवढीच जाड. स्वस्त म्हणून ती घेऊन बसलेली दोन मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांना वाटत होतं, आपलाच हात चांगला नाही. कुठल्या आयपॅडला दाब कळणारी कुठली पेन्सिल चालते, ते विकत घेण्याआधी तपासा.

आणि दाब कळलाच नाही म्हणून चित्र थांबतं असंही नाही. १ जून २००९च्या 'न्यूयॉर्कर'चं मुखपृष्ठ जॉर्ज कोलोम्बो यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयाबाहेर उभं राहून आयफोनवर बोटाने काढलं होतं. डेव्हिड हॉकनी यांनी योसेमिटीची निसर्गचित्रं पहिल्यावहिल्या आयपॅडच्या दिवसांत काढली, जेव्हा त्याला दाब ठाऊक नव्हता. ती चित्रं मोठाल्या आकारात छापून २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात लावली होती.

यावर लेखक म्हणतील, ते हॉकनी, त्यांना काहीही चालतं, मुलांना साधन चांगलं हवं. साधनाला किंमत आहे हे मी मनापासून मानते. आपल्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आठवा. रघुवीर मुळगांवकरांच्या चित्रांतली त्वचेची ती मऊ झळाळी त्यांच्या फवाऱ्याच्या तंत्रातून आली. ते साधन त्यांनी आपलंसं केलं नसतं तर ती झळाळी तशी आली नसती. पण हाताला काय कमी पडतं आहे, हे कळलेला माणूस साधन शोधतो. बारा वर्षांच्या मुलाला ते अजून कळायचं आहे, आणि ते कळण्यासाठी त्याला भरपूर, निष्काळजीपणे, वाईट चित्रं काढता आली पाहिजेत.

माझा खरा राग आहे तो 'एकदाच घ्या, सगळ्यात चांगलं घ्या' या वाक्यावर. हिशेब करून बघा. २०२२मध्ये सिंटिक प्रो २७ आला तेव्हा त्याची किंमत जवळपास ३,५०० डॉलर होती आणि स्टँड वेगळा, सुमारे ५०० डॉलरचा. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर, २६५ डॉलर. सव्वाचार हजारांच्या घरात जाणारी ही वस्तू ज्याच्या रोजच्या कामातून तेवढे पैसे सुटतात त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्यासाठी ती उत्तमही आहे. ती जेवणाच्या खोलीत आणून ठेवली की घरात काय होतं, ते मी पाहिलेलं आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. मांजरी काढायची. गृहपाठाच्या मागे, पिझ्झाच्या खोक्यावर, हातावरसुद्धा. सातवीत गेल्यावर आईवडिलांनी कौतुकाने तिला मोठा पेन डिस्प्ले घेऊन दिला. याहून थोडा स्वस्त, पण त्यांच्या दृष्टीने भरपूर महाग. त्यासाठी त्या वर्षीचं भारतात जाणं त्यांनी पुढे ढकललं होतं, आणि हे मुलीला माहीत होतं. संध्याकाळी बाबा घरी आले की प्रेमाने विचारायचे, "आज काय काढलंस?" त्या प्रश्नात काडीचा दोष नव्हता. पण त्या यंत्रावर मांजर काढणं आता पुरेसं नव्हतं. एवढ्या किमतीला शोभेल असं काहीतरी काढायला हवं होतं. तिने आधी मांजरी सोडल्या, मग हळूहळू काढणंच सोडलं. दीड वर्षाने तिची आई मला म्हणाली, "तिला खरी आवड नव्हतीच बहुतेक." मी तेव्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. आवड होती. तिच्यावर आपण जे ओझं ठेवलं ते तिला पेललं नाही.

आपण या देशात काय सोसून आलो, हे मुलांना न सांगताही कळतं. आपण त्यांच्यासाठी घेतलेल्या प्रत्येक महाग वस्तूत ते त्यांना दिसतं. पियानो, टेनिसची शिकवणी, रोबोटिक्सचा संच, आणि आता पेन डिस्प्ले. लेखकाने तो परिच्छेद प्रेमाने लिहिला याबद्दल मला शंका नाही. पण मुलाला आधी वाया घालवता येईल असं काहीतरी हवं असतं. साठ-सत्तर डॉलरचा बिनपडद्याचा टॅबलेट, किंवा कंपनीने तपासून पुन्हा विकायला काढलेला लहान पेन डिस्प्ले, ज्यावर शाईऐवजी सरबत सांडलं तरी घरात सुतक येणार नाही. त्याच्यासोबत क्रिता हे फुकट सॉफ्टवेअर. वर्षभर त्याने त्यावर काय वाटेल ते काढावं. वर्षाने तोच येऊन सांगेल की रेघ इथे हवी तशी येत नाही, मला पडदा दिसायला हवा, किंवा जागा अपुरी पडते. तेव्हा त्याच्यासोबत दुकानात जा आणि त्याच्या हातात पेन द्या. त्या दिवशी खर्च केलेले हजार डॉलरही मला जास्त वाटणार नाहीत.

लेखकांना मी हे सगळं प्रत्यक्ष भेटून सांगितलं आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि 'लिहा, छापू' म्हणाले, हा त्यांचा मोठेपणा. एका मुद्द्यावर मात्र आमचं जमलं नाही. ते म्हणाले, "आम्ही लहानपणी एका रंगपेटीसाठी तरसलो." मीही तरसले आहे. सांगलीला आमच्या घरी सहा वड्यांची रंगपेटी तिघा भावंडांत होती आणि पांढरा रंग नेहमी आधी संपायचा. पण ती पेटी संपवायची असते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. कुणी तिच्याकडे बघून आमचं भविष्य मोजत नव्हतं.

येत्या दोन रविवारी मराठी शाळा सुटल्यावर मी माझे तिन्ही टॅबलेट कॅफेटेरियातल्या लांब टेबलावर मांडून ठेवणार आहे. ज्यांचं सेलमधलं सामान अजून कार्टमध्येच आहे त्यांनी मुलांना घेऊन या. मोठ्यांनी कॉफी घेऊन पलीकडच्या टेबलावर बसावं. मुलांनी आधी आपलं नाव लिहायचं, शिरोरेषा सावकाश. मग हव्या तेवढ्या मांजरी.